हरकतीचा शेवटचा दिवस

रामटेक, सोमवार, २१ जुलै २०२५. जिल्हा परिषदेच्या गट-गणांच्या प्रारूप रचनेवर हरकती घेण्याची मुदत आज संपते.

सकाळी ६:१५

आषाढ वद्य एकादशी, त्यात सोमवार. गडावर जाणाऱ्यांची वर्दळ उजाडायच्या आधीच सुरू झाली. माझा फोन त्याच्याही आधीपासून वाजतोय. तहसील कार्यालयाजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सातबाऱ्यापासून जात वैधतेच्या प्रकरणापर्यंत तालुक्याची बरीचशी गाऱ्हाणी माझ्या कीबोर्डवरून पुढे जातात. प्रारूप रचना १४ तारखेला जाहीर झाली. तेव्हापासून विचारपूस चालू होती, पण धानाच्या रोवणीचे दिवस; चिखलातून पाय निघत नाही. म्हणून सगळे आज येणार.

‘भाऊ, आज शेवटचाच दिवस ना जी?’ हाच प्रश्न सगळ्यांचा. सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं : हो, आणि येताना गावाची २०११ ची लोकसंख्या घेऊन या.

सकाळी ८:००

शटर वर. आधी भिंतीवर नकाशाची मोठी झेरॉक्स चिकटवतो. तोंडी समजावण्यात दिवस जातो. नकाशावर बोट ठेवलं की माणूस स्वतःच बोलू लागतो.

गणित सोपं आहे, पण एकदा नीट समजून घ्यावं लागतं. जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाला गट म्हणतात. प्रत्येक गटाचे दोन गण, ते पंचायत समितीचे मतदारसंघ. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, कारण त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. समजा, तालुक्याची ग्रामीण लोकसंख्या १ लाख ३० हजार आणि वाट्याला ५ गट आले. मग गटाची सरासरी २६ हजार, गणाची १३ हजार. त्यात दहा टक्के इकडे-तिकडे चालतं. म्हणजे गण ११,७०० च्या खाली जायला नको आणि १४,३०० च्या वर नको. ग्रामपंचायत फोडायची नाही. रचना उत्तरेकडून सुरू करायची, ईशान्येकडे जायचं, मग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत दक्षिणेत संपवायची. नदी, नाले, डोंगर, मोठे रस्ते पाहायचे. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो विभागल्या जाऊ नयेत याची काळजी घ्यायची.

उत्तरेकडून सुरुवात करण्यात एक शहाणपण आहे. कुठून सुरू करायचं हे मोकळं ठेवलं असतं, तर रेषा मारणाऱ्यानं सोयीची सुरुवात शोधली असती. दिशा बांधून दिली की हात थोडा बांधला जातो. थोडाच; कारण दोन गावांपैकी कोणतं आत घ्यायचं याची मोकळीक प्रत्येक टप्प्यावर उरतेच, आणि आजचं सगळं भांडण त्या मोकळिकीचं आहे.

माझ्या स्वतःच्या घराला यातलं काही लागू नाही. मी नगर परिषदेच्या हद्दीत राहतो, म्हणजे जिल्हा परिषदेला माझं मतच नाही. दिवसभर ज्यांच्या रेषांसाठी भांडणार, त्यातल्या एकाही रेषेच्या आत मी नाही. त्यानं डोकं थंड राहतं.

सकाळी ९:४५

पहिले आले सूर नदीच्या पलीकडच्या एका गावचे चौघे. कागद घरूनच लिहून आणलेला. पहिल्याच ओळीत ‘घोर अन्याय’, दुसऱ्या ओळीत ‘राजकीय षड्‌यंत्र’.

‘आमाले त्या गणात टाकून देल्लं जी. आमचा बाजार इकडे, शाळा इकडे, दवाखाना इकडे. तिकडे आमचं कोनी सोयरंही नाई.’

‘हे सगळं ठेवू,’ मी म्हटलं, ‘पण काकाजी, षड्‌यंत्र काढतो. त्याचा पुरावा मागतील. नदीचा पुरावा मागायची गरज नाही, ती नकाशावर आहे.’

मग खरा प्रश्न विचारला : गावाची लोकसंख्या किती? १,९०० म्हणाले. आता ज्या गणात टाकलंय त्याची १२,६००. त्यातून १,९०० काढले की उरतात १०,७००. तो गण मर्यादेच्या खाली गेला. ज्या गणात जायचंय तो १३,१०० चा. त्यात १,९०० घातले की १५,०००. तो मर्यादेच्या वर गेला. म्हणजे मागणी जशीच्या तशी मान्य होणं शक्यच नाही.

चौघेही नकाशाकडे पाहत राहिले. त्यातला तरुण पुढे झाला. त्यानं नदीच्या त्या काठाला लागून असलेलं १,४०० वस्तीचं एक गाव दाखवलं, ‘हे तिकडे गेलं तं?’ मी आकडे मांडले. एका बाजूला १२,१००, दुसऱ्या बाजूला १३,६००. दोन्ही बसतात.

‘पन त्या गावचे लोक मानतीन काय?’

हाच तर मुद्दा. हद्दीच्या कामात फक्त स्वतःपुरती मागणी नसतेच. आपण हललो की दुसरं कुणीतरी हलतं, आणि त्यालाही बाजार, शाळा, सोयरे असतात. म्हणून मी त्यांना म्हटलं, त्या सरपंचांना आत्ताच फोन लावा. लावला. पलीकडून बराच वेळ काही उत्तर आलं नाही. मग ‘दुपारी येतो’ एवढंच आलं.

सकाळी ११:००

देवलापारच्या बाजूनं दोन तरुण मोटारसायकलवर आले. गोंड समाजाचे, एक पदवीधर, दुसरा वनविभागात हंगामी कामाला. यांच्याकडे मात्र आकडे गावनिहाय, वहीत, लाल-निळ्या शाईत.

त्यांचा मुद्दा नदी-नाल्याचा नव्हता. तालुक्याच्या उत्तरेच्या जंगलपट्ट्यातली त्यांची काही गावं तोडून दक्षिणेकडच्या, महामार्गालगतच्या मोठ्या गावांना जोडली जात आहेत, असं त्यांचं म्हणणं. वहीतला हिशोब असा : पट्ट्यातली गावं एका गणात राहिली तर तिथे आदिवासी सत्तर टक्के. तीच गावं उभी चिरून दोन गणांत वाटली तर दोन्हीकडे पस्तीस-पस्तीस. माणसं तेवढीच, गावं तीच. पण सत्तर टक्क्यांच्या गणात त्यांना विचारल्याशिवाय कुणी निवडून येत नाही, आणि पस्तीस टक्क्यांच्या दोन्ही गणांत त्यांच्याशिवाय निवडून येता येतं.

दुसरं असं की, अनुसूचित जमातीच्या जागा ठरतात त्या लोकसंख्येच्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमानं. रेषेवर टक्का ठरतो, टक्क्यावर आरक्षण. आरक्षणाची सोडत निघेल तेव्हा सभागृहात चिठ्ठी काढणाऱ्या लहान मुलाकडे सगळे डोळे लावून बसतील. निम्मा निकाल मात्र या जुलैतच लागलेला असेल.

‘तसं लिहा ना मंग, आमचं आरक्षण चाललं म्हनून,’ वहीवाला म्हणाला.

मी थांबवलं. आरक्षणाचा टप्पा पुढचा आहे. आज तो शब्द घातला तर हरकत ‘या टप्प्यावर विचारात घेता येत नाही’ म्हणून बाजूला पडेल. त्याऐवजी निकष धरायचा : अनुसूचित जमातीच्या वस्त्यांचं विभाजन, सलगता, जंगलातून जाणारा रस्ता. निकाल तोच मागायचा, पण ज्या कलमानं मिळू शकतो त्या कलमानं.

एक उलटी शक्यताही त्यांच्यापुढे ठेवली. सगळे एकाच गणात कोंबले गेले तर तो एक गण पक्का, पण शेजारच्या गणांतल्या उमेदवारांना त्यांच्या पाड्यावर फिरकायचीही गरज उरत नाही. सत्तर टक्के एका ठिकाणी बरे, की पन्नास टक्के एका ठिकाणी आणि वीस दुसऱ्या ठिकाणी? वनविभागातल्यानं तत्काळ उत्तर दिलं : ‘आमाले आधी आमचा एक मानूस पायजे. बाकीचे मंग पाहू.’ पदवीधर काही बोलला नाही. त्याचं मत वेगळं होतं, हे दिसत होतं.

दुपारी १२:३०

तीन हरकती घेऊन तहसीलमध्ये. हरकत जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे. इथून ती पुढे जाते. प्रत्येकीच्या दोन प्रती, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही. शिक्का नसला तर सुनावणीच्या वेळी तुमचं नाव पुकारलं जाण्याची खात्री नाही, हे मी सगळ्यांना बजावून सांगतो. सुनावणी विभागीय आयुक्तांच्या स्तरावर, नागपूरला. म्हणजे रोवणी टाकून आणखी एक दिवस, आणि जायचं-यायचं मिळून शंभरेक किलोमीटर. हरकत घेणं फुकट आहे. टिकवणं फुकट नाही.

दुपारी १:३०

डब्यात साबुदाण्याची उसळ आणि शिंगाड्याचा शिरा. शेजारच्या बाकावर नेहमीचे गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. एकादशीला ते आवर्जून येतात, शिऱ्यासाठी.

नकाशा पाहिला की गुरुजींना नरसिंह राव आठवतात. १९८४ मध्ये राव हनमकोंडा आणि रामटेक अशा दोन ठिकाणी उभे होते. तिकडे हरले, इथून जिंकले. १९८९ मध्ये पुन्हा इथूनच. १९९१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उभेच नव्हते. पंतप्रधान झाले आणि मग नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत गेले.

‘आपला माणूस पंतप्रधान होता होता राहिला,’ गुरुजी म्हणाले, ‘आणि आता तर जागाच राखीव. मोठा नेता इथे येईल कसा?’

या वाक्यावर आमचं दर वेळी वाजतं. आज हाताशी कागद होते, म्हणून मी नीट वाजवून घेतलं.

२००२ च्या कायद्यानं न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग नेमला गेला. त्यानं २००१ ची जनगणना धरली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये नवी रचना अमलात आली. महाराष्ट्राचे खासदार ४८ च राहिले, आमदार २८८ च राहिले. आतल्या रेषा मात्र हलल्या. राज्याच्या लोकसंख्येतला विदर्भाचा वाटा घटला होता, म्हणून लोकसभेच्या जागा ११ च्या १० झाल्या आणि विधानसभेच्या ६६ च्या ६२. वाशीम स्वतंत्र राहिलं नाही, चिमूरही नाही. कुठे मोर्चा नाही, कुठे गोळीबार नाही, आणि विदर्भाचा विधानसभेतला आवाज चार आमदारांनी कमी झाला.

त्याच आदेशानं अनुसूचित जातीसाठी राखीव लोकसभेच्या जागा तीनच्या पाच झाल्या आणि त्यांचे पत्ते बदलले. आधी बुलढाणा, पंढरपूर, उस्मानाबाद होत्या. आता रामटेक, अमरावती, शिर्डी, लातूर, सोलापूर. बुलढाणा खुलं झालं तेव्हा काय झालं ते पाहण्यासारखं आहे. तिथून खासदार राहिलेले काँग्रेसचे मुकुल वासनिक २००९ मध्ये रामटेकला आले आणि १६,७०१ मतांनी जिंकले. तिथूनच खासदार राहिलेले शिवसेनेचे आनंदराव अडसूळ अमरावतीला गेले आणि तेही जिंकले. दोन प्रतिस्पर्धी, दोघांचं घर एकाच आदेशानं हललं. हे मतदारांच्या मतानं घडलं नव्हतं.

‘म्हणजे मोठा नेता आलाच की, गुरुजी. वासनिक केंद्रात मंत्री होते.’

गुरुजींनी शिऱ्याचा घास घेतला.

आणि राखीव म्हणजे काय, तेही सांगून टाकलं. उमेदवार अनुसूचित जातीचा, मतदार सगळे. १९३२ च्या पुणे कराराचं हे मर्म आजही तसंच आहे. याच मतदारसंघातल्या कामठीचे बाबू हरदास १९३७ मध्ये नागपूर-कामठीतून मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले, बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे. राखीव जागेनं दार उघडतं ते असं. पण आत जाणारा कोण, हे बिगर-दलित मतांनीही ठरतं, म्हणून राखीव जागेवरच्या उमेदवाराला सगळ्यांच्याच अंगणात जावं लागतं. शिवाय त्या दारावर कागदपत्रांचा पहारा असतो. २०२४ मध्ये काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचं जात वैधता प्रमाणपत्र रद्द झालं आणि त्यांचा अर्ज छाननीत बाद झाला. त्यांचे पती श्यामकुमार बर्वे उभे राहिले आणि ७६,७६८ मतांनी निवडून आले. प्रमाणपत्र रद्द करण्याचा तो निर्णय पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं रद्दबातल ठरवला, पण तोवर लोकसभा भरून तीन महिने झाले होते.

गुरुजी जाता जाता म्हणाले, ‘शिरा चांगला झाला.’ त्यांच्याकडून एवढी कबुली पुरे.

दुपारी २:४५

गर्दीत एक तरुण वकील. त्याचा अशील विचारतोय, गट-गण राहू द्या, पुढे लोकसभेच्या हद्दी बदलतील तेव्हा कोर्टात जाता येईल का?

याचं उत्तर १९६६ मध्येच मिळालेलं आहे. मध्य प्रदेशातली उज्जैनची लोकसभेची जागा अनुसूचित जातीसाठी राखीव झाली. तिथले मेघराज कोठारी न्यायालयात गेले : माझा उभं राहण्याचा हक्क गेला. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आयोगाचा आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचं बळ, आणि घटनेच्या ३२९व्या अनुच्छेदानुसार त्याला न्यायालयात आव्हान नाही. कारणही समजण्यासारखं आहे. दर जागेवर एकेक दावा चालला तर निवडणूक कधी व्हायचीच नाही. अलीकडे न्यायालयानं उघड मनमानीपुरती एक फट ठेवली आहे, पण त्या फटीतून गाव हलत नाही.

वकिलाला भिंतीवर दुसरा नकाशा दाखवला, रामटेक लोकसभेचा. काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी, रामटेक. मध्ये नागपूर शहराच्या सहा विधानसभा, त्यांचा स्वतंत्र नागपूर मतदारसंघ. आणि त्याभोवती कड्यासारखा फिरलेला हा रामटेक. काटोलहून उमरेडला प्रचाराला जायचं तर सोयीचा रस्ता नागपुरातूनच, म्हणजे दुसऱ्याच्या मतदारसंघातून. पश्चिमेला संत्र्याच्या बागा, पूर्वेला धान, उत्तरेला वाघाचं जंगल, मध्ये कोळशाच्या खाणी आणि हिंगण्याची एमआयडीसी. मतदार साडेवीस लाखांच्या घरात. एवढ्या सगळ्यांच्या वतीनं एकच माणूस बोलणार. तो संत्र्याच्या भावावर बोलला की आमच्या धानाच्या बोनसचं राहतं.

आतली तफावतही पाहा. २०२४ मध्ये रामटेक विधानसभेत सुमारे पावणेतीन लाख मतदार होते, कामठीत साडेचार लाखांहून जास्त. नागपूर वाढलं ते कामठी-हिंगण्याच्या बाजूनं, आणि हद्द अजून २००१ च्या माणसांवर आखलेली. दोघांनाही आमदार एकच. आमच्या गणात दहा टक्क्यांची शिस्त, पण विधानसभेत कामठीच्या माणसाचं मत रामटेकच्या माणसाच्या मतापेक्षा कितीतरी हलकं. आमचा त्यात फायदा आहे, म्हणून इथे त्यावर कुणी हरकत घेत नाही.

दुपारी ३:४५

बचत गटाच्या एक ताई. सोबत कुणी नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि थेट विचारलं, ‘गण महिलेचा निघंल काय?’

सोडतीआधी सांगता येत नाही, पण महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्यामुळे शक्यता निम्मी. लोकसभा-विधानसभेसाठी एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण ती लागू होणार पुढच्या जनगणनेनंतरच्या फेररचनेनंतर. तिथेही आधी रेषा, मग बाई.

ताईंची अडचण वेगळीच होती. गेली काही वर्षं त्या तीन गावांतले बचत गट सांभाळतात. बँकेची कामं, कर्जाची परतफेड, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर. तीन गावांत त्यांना प्रत्येक चूल माहीत. प्रारूपात ही तीन गावं दोन गणांत गेली. ‘दोन गावं तिकडे गेली तं मी कोनाच्या भरोशावर उभी राहू? नव्या गावात मले कोन ओळखते?’

ज्याच्याकडे चार गाड्या आणि पैसा, त्याला गण कुठूनही कापला तरी फरक पडत नाही. तो नव्या गावात महिन्याभरात ओळख विकत घेतो. ज्याचं भांडवल म्हणजे वर्षानुवर्षांची ओळख, त्याचं भांडवल रेषा मारताच अर्ध्यावर येतं. हद्दी वारंवार बदलल्या की नव्या आणि गरीब उमेदवाराचं नुकसान सगळ्यांत जास्त. सलगतेचा निकष नदी-रस्त्याचा आहे. या ओळखीला नकाशावर चिन्ह नाही.

तिन्ही गावांचा पोहोच रस्ता एक, आरोग्य उपकेंद्र एक, शाळेची बस एक. हे तीन मुद्दे घातले. बचत गट चौथा मुद्दा म्हणून घातला, ताईंच्या आग्रहाखातर. कोऱ्या जागेवर त्यांनी सावकाश, पूर्ण नावानं सही केली.

संध्याकाळी ४:५०

आता दुकानात उभं राहायला जागा नाही. सकाळचे सूरपलीकडचे चौघे परत आले, आणि त्यांच्यासोबत त्या १,४०० वस्तीच्या गावाचे सरपंचही. ते तयार नाहीत. त्यांनाही हरकत टाइप करून पाहिजे : आमचं गाव आहे तिथेच राहू द्या.

‘त्यायचीबी तुमीच लिहून देता काय?’ चौघांपैकी थोरल्यानं विचारलं.

देतो. दर तोच. एकाच प्रिंटरमधून दोन विरुद्ध कागद निघाले. दोन्हींत आकडे खरे, दोन्हींत नदी तीच. एकात ती गावाला तोडते, दुसऱ्यात तिच्यावर पूल आहे. निवाडा करणं माझं काम नाही. दोघांचंही म्हणणं एकाच वजनाचं होऊन वर जावं, एवढंच माझं काम. सरपंचांनी जाताना चौघांना चहा पाजला. एकादशी असल्यानं बिस्किटं कुणी घेतली नाहीत.

संध्याकाळी ५:५५

कार्यालय सव्वासहाला बंद. उरलेले कागद उचलून धावत गेलो. रांगेत एक म्हातारे बाबाजी, हातात शाळेच्या वहीचं पान, त्यावर पेनानं पाच ओळी. टायपिंगला पैसे कशाला, म्हणून स्वतःच लिहिलेलं. वाचून पाहिलं : गावाचं नाव, गणाचा क्रमांक, कुठून काढायचं, कुठे घालायचं, आणि मध्ये कोणता नाला. एकही शब्द जास्त नाही. दिवसभरात मी टाइप केलेल्यांपैकी एकही कागद याच्याहून चांगला नव्हता. बाबाजींना फक्त दुसरी प्रत काढून दिली, शिक्क्यासाठी.

संध्याकाळी ७:३०

हिशोब. कागदाचं दीड रिम संपलं. यातल्या किती हरकती मान्य होतील, ते १८ ऑगस्टला अंतिम रचना येईल तेव्हा कळेल.

काही जण म्हणतात, एवढ्याशा पंचायत समितीसाठी इतका खटाटोप कशाला. तसंही जानेवारीपासून जिल्हा परिषदेवर प्रशासकच आहे. पण याच जिल्हा परिषदेतल्या १६ सदस्यांची पदं ४ मार्च २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं गेली होती, कारण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या पुढे गेलं होतं. लोकांनी दिलेलं मत नियमांत बसलं नाही तर टिकत नाही, हे नागपूर जिल्ह्यानं पाहिलेलं आहे. आणि गावातला नळ, अंगणवाडीचं छत, गावाला जोडणारा रस्ता, हे सगळं या छोट्या रेषांच्या आतच अडतं किंवा सुटतं.

रात्री १०:३०

मुलगी एमपीएससीचा अभ्यास करते. जेवण झाल्यावर तिनं मोबाइलवर एक बातमी दाखवली. अमेरिकेत टेक्सास राज्याच्या विधिमंडळाचं विशेष अधिवेशन आजच सुरू होतंय. विषयपत्रिकेवर लोकसभेसारख्या अमेरिकी सभागृहातल्या टेक्सासच्या ३८ मतदारसंघांची फेररचनाही आहे. नवी जनगणना झालेली नाही. सत्ताधारी पक्षाला आणखी जागा हव्यात, आणि रेषा मारण्याचा अधिकार तिथे विधिमंडळाच्या हाती, म्हणजे सत्तेत असलेल्यांच्याच हाती. पक्षाच्या फायद्यासाठी हद्दी आखल्या तर त्यात आम्ही पडणार नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलेलं आहे.

‘म्हणजे आपलं बरं आहे,’ ती म्हणाली.

बऱ्याच अंशी. आपल्याकडे लोकसभेच्या रेषा आयोग मारतो. त्यात निवृत्त न्यायाधीश असतो, खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात पण त्यांना मत नसतं. पण आपल्याकडचा मोठा प्रश्न अजून यायचाय. राज्यनिहाय जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या आहेत, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. त्या जनगणनेची अधिसूचना गेल्याच महिन्यात निघाली. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. तमिळनाडूची धास्ती हीच, की लोकसंख्या आटोक्यात ठेवली म्हणून दिल्लीतला वाटा घटेल. मार्चमध्ये तिथले मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी चेन्नईला इतर राज्यांना बोलावलं ते त्यासाठी. त्यांना ज्याची भीती आहे, ते राज्याच्या आत विदर्भानं २००८ मध्येच भोगलं. फक्त तेव्हा आपण त्याचा हिशोब मांडला नाही.

तिनं दुपारच्या वकिलासारखाच, पण जरा वेगळा प्रश्न विचारला. ‘आदेशाला आव्हान नाही, हे कळलं. पण आदेशाच्या आधी?’

आधी आहे. परिसीमन आयोगालाही प्रारूप प्रसिद्ध करावं लागतं, हरकतींसाठी तारीख द्यावी लागते, जाहीर बैठका घ्याव्या लागतात. दार उघडं असतं, काही दिवस. राजपत्रात छापून आलं की बंद. तेवढ्या दिवसांत ज्याच्याकडे गावनिहाय आकडे, कुणाला काढायचं आणि कुणाला घालायचं याचा पूर्ण हिशोब तयार असेल, त्याचं म्हणणं निदान वाचलं जाईल. ‘अन्याय झाला’ म्हणणाऱ्याचं बाजूला पडेल, मग अन्याय खरा का असेना. आज दिवसभर हेच दिसलं, आणि लोकसभेच्या वेळी गावांऐवजी तालुके असतील, एवढाच फरक.

मुलीला म्हटलं, नवी जनगणना झाली की तालुक्याची गावनिहाय यादी पहिल्या दिवशी उतरवून ठेव. जातनिहाय, जमातनिहाय, सगळी. ती म्हणाली, ‘आणि कामठीचीही ठेवते. तिकडच्या लोकांची हरकत आपल्या विरुद्ध येणार आहे.’

बरोबर आहे तिचं. ती हरकतही टाइप करून द्यावी लागेल.